भाग एकचा मीडिया पेपर आणि इन्स्टा: प्रकल्पाच्या नोंदी

१ जुलै

पहिलं लेक्चर झालं. बी.ए. भाग एक, माध्यमांची ओळख हा पेपर, हजेरीपत्रकात ६८ नावं आणि वर्गात एकोणीस डोकी, त्यातली पाच मागच्या बाकावर मोबाईल खाली धरून. त्यांना वाटतं मॅडमना दिसत नाही, पण खालनं चेहऱ्यावर उजेड पडतो ना बाळांनो. पेपर कोण वाचतं विचारलं तर तीन हात वर, त्यातल्या एकाच्या घरचीच पेपरची एजन्सी आहे त्यामुळे तो धरायचा नाही. मग बातम्या कुठनं कळतात तर "स्टेटसवरनं मॅडम", असं एकदम चार-पाच जण बोलले आणि हसले.

विभागप्रमुख सरांना फाईलसाठी एक "नावीन्यपूर्ण उपक्रम" पाहिजे आहे. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, त्यामुळे उपक्रम माझ्याच गळ्यात येणार हे ठरलेलंच होतं. पण मलाही करून बघायचंच होतं. पोरं जिथं आहेत तिथंच जाऊया, इन्स्टावर. वर्गाचं पेज काढायचं, थिअरीचे छोटे छोटे तुकडे टाकायचे, पोल घ्यायचे, आणि सेमिस्टर संपेपर्यंत हजेरी आणि सहभाग वाढतो का बघायचं. नोंदी रोजच्या रोज लिहायच्या असं ठरवलंय, बघू किती टिकतंय.

४ जुलै

परवानगी. प्राचार्य सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "स्टेटस-बिटस काय नाही ना त्यात?" जून २०२३ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसवरनं कोल्हापुरात दंगल कशी झाली आणि नेट कसं बंद पडलं ते इथं कुणालाच सांगायला लागत नाही. त्यामुळे अटी पडल्या: अकाऊंट प्रायव्हेट, बाहेरचं कोणी घ्यायचं नाही, धर्म आणि राजकारण यावर कमेंट नाही, आणि जी पोरं अजून सतराची आहेत त्यांच्या घरनं सही आणायची. सहीची अट मला आधी जाच वाटली होती, आता बरोबर वाटते.

पेजचं नाव ठेवायला पोरांना सांगितलं तर तेवीस नावं आली, त्यातली बारा "नाद खुळा मीडिया"च्या जवळपासची. शेवटी साधं "भाग एक मीडिया" ठेवलं. डीपीला रंकाळ्याचा फोटो, कारण दुसरा कुठला टाकला असता तर पेठेवरनं भांडण झालं असतं.

९ जुलै

पहिली मोठी पोस्ट, लासवेल या अमेरिकन अभ्यासकाचं संवादाबद्दलचं १९४८ चं सूत्र. कोण बोलतं, काय बोलतं, कुठल्या माध्यमातून, कुणाला, आणि परिणाम काय. सहा स्लाईड केल्या, रात्री एकपर्यंत बसले होते, रंग-बिंग जुळवून. उदाहरण गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचं घेतलं, म्हशीचं ताजं दूध विकणारा ओरडतो ते "काय", त्याचा आवाज म्हणजे "माध्यम", वगैरे. सकाळी बघितलं तर ४१ फॉलोअर्स आणि ३८ लाईक. मी घरात सगळ्यांना दाखवलं.

दुपारी वर्गात विचारलं, या सूत्रात "कुणाला" म्हणजे काय? गप्प. "परिणाम" म्हणजे? गप्प. एक पोरगा शेवटी म्हणाला मॅडम पोस्ट लई भारी होती. बघितलीस का? लाईक केलो की मॅडम. वाचलीस का? त्यावर तो फक्त हसला.

मग लक्षात आलं की लाईक म्हणजे यांची हजेरी आहे, "प्रेझेंट मॅडम" म्हणतात तशी. एकानं तर त्याच वेळी कागलवरनं येणाऱ्या एसटीत बसून लाईक केलेलं आणि लेक्चर बुडवलेलं.

१२ जुलै

मीम स्पर्धा घेतली. मीम चांगली होती, थिअरी त्यात नव्हती. पुढे.

१५ जुलै

६८ मधले २७ जण पेजवरच नाहीत. मी आपली समजून चालले होते की आळशी आहेत. आज यादी घेऊन एकेकाला व्हरांड्यात बोलावलं, वर्गासमोर विचारलं नाही हे एक बरं केलं. कारणं जी निघाली ती जशी ऐकली तशी लिहिते. रिचार्ज संपलाय आणि महिनाअखेरीला टाकणार. दिवसाचा दीड जीबी घरातली सगळी मिळून वापरतात, संध्याकाळी माझ्या वाट्याला काय येत नाही. इन्स्टा घरी चालत नाही, यूट्यूब चालतं. अकाऊंट आहे पण खोट्या नावाचं आहे ते मॅडमना कसं दाखवू. गावात रेंज नाही, स्टोरी टाकली की चोवीस तासात जाते, मी कोल्हापुरात येतो तोवर पोल संपलेला असतो. हे शेवटचं तर मला सुचलंच नव्हतं, मी रात्री नऊला पोल टाकत होते आणि "प्रतिसाद कमी" असं लिहून ठेवत होते.

राधानगरीकडची एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, एक दिवस खाडा नाही, वही बघावी तर मोत्यासारखं अक्षर. ती पेजवर नाही. म्हटलं तू का नाहीस गं? म्हणाली, "फोन दादाचा हाय मॅडम. मी रात्री जेवणं झाल्यावर मागतो, अभ्यासाचं काय असलं तर देतोय, पण इन्स्टा काढून टाकलंय त्यानं. व्हॉट्सॲप बघून देतोय." बघून देतोय म्हणजे? "म्हंजे ग्रुप कुठला हाय, कोण कोण हाय, ते बघून."

आमच्याकडच्या पोरी "मी मागतो, मी जातो" असंच बोलतात, बाहेरच्यांना गंमत वाटते. पण आज मला त्या वाक्यात दुसरंच ऐकू आलं आणि घरी येईपर्यंत डोक्यातनं गेलं नाही. माझ्या अख्ख्या प्रकल्पात या पोरीला जागाच नव्हती, आणि सगळ्यात जास्त ऐकणारी तीच.

बदल: पेजवर जे जाईल ते त्याच दिवशी वर्गाबाहेरच्या फळ्यावर कागदावर लागणार. पोल वहीतसुद्धा चालेल. पोलची मुदत तीन दिवस.

१८ जुलै

गेटकीपिंग शिकवलं, म्हणजे कुठली बातमी लोकांपर्यंत जाणार आणि कुठली अडणार ते कोण ठरवतं. १९५० चा व्हाईटचा अभ्यास सांगितला, अमेरिकेतल्या एका छोट्या शहरातला पेपर, तिथं तारेवरनं आलेल्या बातम्या निवडणारा एक संपादक, त्याला सांगितलं की आठवडाभर जी बातमी फेकशील तिच्या मागं का फेकलीस ते लिही. दहातल्या जवळपास नऊ फेकलेल्या निघाल्या. कारणं कसली तर जागा नाही, कंटाळवाणी आहे, हा प्रचार आहे. व्हाईटनं त्याला मिस्टर गेट्स असं नाव दिलेलं.

मी विचारलं आपल्याकडं मिस्टर गेट्स कोण? पोरांनी अल्गोरिदम सांगितला, ग्रुप ॲडमिन सांगितला, चांगलं चाललं होतं. आणि मग ही पहिल्या बाकावरची उठली आणि म्हणाली, "आमचा दादा." सगळे हसले. ती नाही हसली. "तो पण कारण सांगतोय मॅडम, म्हणतोय हे तुझ्या कामाचं नाही. रिचार्ज तोच करतोय, म्हणून गेट त्याचं."

हसणं थांबलं. आणि मग हळूहळू एकेक पोरी बोलायला लागल्या, दोन पोरं पण, एकाचा फोन वडील रोज रात्री चेक करतात. पुढची वीस मिनिटं मी काहीच शिकवलं नाही, फळ्यावर फक्त "गेट कोण, कारण काय, पैसे कोण देतं" असे तीन रकाने पाडले आणि ते भरत गेले. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं लेक्चर, आणि त्यात इन्स्टाचा काही संबंध नाही. म्हणजे आहे, पण मी समजत होते तसा नाही.

२४ जुलै

पाऊस. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेली, धोका ४३ ला. कॉलेजला सुट्टी. संध्याकाळी सातला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं: "राधानगरीचे सातही दरवाजे उघडले!! रात्री १२ पर्यंत निम्म्या शहरात पाणी!! २०१९ पेक्षा मोठा पूर!! सर्वांना पाठवा". खाली पाण्यात बुडालेल्या रस्त्याचा फोटो. दहा मिनिटात तेच माझ्या सासरच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आणि शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, ते ज्यांनी काढलंय त्यांच्या पोटात असल्या मेसेजनं गोळा येणारच, मी पण दोन मिनिटं बॅगेत कागदपत्रं भरायला घेतली, खोटं कशाला बोलू.

मग सुचलं. ग्रुपवर लिहिलं: कुणीही पुढं पाठवू नका. हाच आपला प्रकल्प. तुम्हाला हा मेसेज कुणाकडनं आला, किती वाजता आला, त्या माणसाला फोन करून विचारा त्यांना कुणाकडनं आला. फक्त एक पायरी मागं जा. वहीत लिहा.

२७ जुलै

सुट्टी सुरूच आहे, पण फोनवर फोन येतायत. पोरांना असलं काम दिलं की काय होतं ते मी पहिल्यांदा बघतेय. पेजवर एका पोस्टला तीन कमेंट येत होत्या आणि इथं रात्री अकराला "मॅडम सापडला, आत्याच्या मिस्टरांकडनं आला, त्यांना तालमीच्या ग्रुपवरनं" असे मेसेज.

व्हॉट्सॲपची गंमत अशी की फॉरवर्ड झालं की आधीच्या माणसाचं नाव गळून पडतं, फक्त बाण उरतो. दोन बाण असले तर तो मेसेज पाच किंवा जास्त हातांतनं फिरून आलेला असतो, आणि असला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, ही मर्यादा २०२० पासनं आहे. पोरं म्हणाली तरी लोक बसून एकेकाला पाठवतात मॅडम, मामानं बारा जणांना पाठवला, प्रत्येकाला वेगळा. म्हणजे मर्यादा मोडायला मामानं कष्ट घेतले! आणि त्याच्या डोक्यात कसलं पाप नव्हतं, त्याला वाटलं माझी माणसं वाचतील.

फोटोचं तर कमाल झाली. मी गुगल लेन्सवर टाकून, हा फोटो आधी कुठं आलाय का ते बघत बसले, काही हाताला लागेना. गंगावेशीकडचा एक पोरगा, वर्गात जेमतेम दिसणारा, त्यानं एका मिनिटात सांगितलं, "मॅडम फोटोत डावीकडं पिवळी पाटी दिसते बघा, ती आमच्या चुलत्याच्या दुकानाची. २१ सालच्या पाण्यात ती गेली, नवी निळी केलीय." बास. फोटो २०२१ चा, नाहीतर त्याच्याही आधीचा. आणि त्यानं तिथं जाऊन निळ्या पाटीचा आजचा फोटो काढून पाठवला, पाटीखाली कोरडा रस्ता आणि एक कुत्रं झोपलेलं.

३१ जुलै

कॉलेज सुरू. वर्गात ३७ जण. पंधराव्या मिनिटाला शिपाई मामा बाक कमी पडतायत का विचारायला आले.

सगळ्यांच्या वह्यातल्या साखळ्या चार्टपेपरवर काढल्या, बाण जोडत जोडत. मुळापर्यंत कोणीच पोचलं नाही, चौथ्या-पाचव्या पायरीला "आठवत नाही", नाहीतर "तुला काय करायचंय" असं उत्तर येतं. पण मधली माणसं तीच तीच निघाली: मामा, आत्याचे मिस्टर, तालमीतले दादा, एक शाळेतले सर. इथं मी लाझार्सफेल्ड या अभ्यासकाचा सिद्धांत काढला. १९४० ची अमेरिकेची निवडणूक, ओहायोतला एक काउंटी, त्यांना वाटलेलं रेडिओ आणि पेपर थेट लोकांची मतं बदलतात, आणि निघालं की लोक आपल्या ओळखीच्या, माहितगार माणसाचं ऐकतात, आणि रेडिओ-पेपर तो माहितगार ऐकतो-वाचतो. दोन टप्प्यांचा प्रवाह. मागच्या वर्षी हे मी डिक्टेट केलेलं. या वर्षी पोरांनीच चार्टवर बोट ठेवून सांगितलं, "हा बघा मामा, दुसरा टप्पा."

मग मेसेजची भाषा घेतली. "दरवाजे उघडले" म्हणजे कुणी उघडले? राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात, चावी घेऊन कोणी जात नाही तिथं. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी येतं. पहिल्या बाकावरची म्हणाली आमच्या गावात म्हणतात "दरवाजा पडला". शहरात आलं की "उघडला" होतो. आणि काही फॉरवर्डमध्ये तर "पाणी सोडलं" होतं. आम्ही ही तीन क्रियापदं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. पडला, उघडला, सोडलं. तिसऱ्यात कोणतरी दोषी आलाय बघा. मला हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

पेजवर याची पोस्ट पोरांनीच केली. लाईक नऊ. मीमला बावन्न होते.

६ ऑगस्ट

फ्रेमिंग, म्हणजे एकच घटना कुठल्या चौकटीत बसवून सांगितली जाते, त्यासाठी फुटबॉल. गेल्या सीझनचा शाहू स्टेडियमवरचा एकच सामना, दोन वेगवेगळ्या पेठांच्या पेजवरच्या पोस्ट शेजारी शेजारी लावल्या. एकीकडं "रेफ्रीचा अन्याय", दुसरीकडं "पोरांची जिगर". जास्त लिहीत नाही कारण तासाच्या शेवटी माझाच आवाज चालेना इतका दंगा झाला, आणि शेजारच्या वर्गातनं अर्थशास्त्राचे सर येऊन गेले.

१३ ऑगस्ट

माझी चूक, म्हणून सविस्तर लिहिते. एका मुलानं साखळीचा पुरावा म्हणून घरच्या ग्रुपचा स्क्रीनशॉट दिलेला, मी तो पेजवर टाकला. वरती त्याच्या काकूंचा नंबर आणि नाव स्पष्ट. मी बघितलंच नाही. प्रायव्हेट पेज आहे म्हणून निर्धास्त होते, पण कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि तो फिरत फिरत काकूंकडंच गेला, "सुनबाई अफवा पसरवतात" असं कुणीतरी वर लिहून. रात्री दहाला मुलाच्या वडिलांचा फोन. आवाज चढवला नाही त्यांनी, तेच जास्त लागलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही अफवा कशी फिरते ते शिकवताय ना?"

पोस्ट काढली. दुसऱ्या दिवशी वर्गात जे झालं ते सांगितलं, माझं नाव घालून. आता नियम: नंबर आणि नाव काळं केल्याशिवाय काहीच चढवायचं नाही, आणि चढवण्याआधी दुसऱ्या एकानं बघायचं. काकूंना भेटायला शनिवारी गेले होते. त्यांनी चहा दिला, पण बसा म्हणायच्या आधी जरा वेळ घेतला.

२१ ऑगस्ट

अजेंडा सेटिंग. अमेरिकेतल्या चॅपेल हिल गावातला १९६८ चा अभ्यास, शंभर मतदार ज्यांचं मत पक्कं झालेलं नव्हतं, मीडिया ज्या विषयांना मोठं करतो तेच लोकांना मोठे वाटतात. पोरांना चिठ्ठीवर लिहायला लावलं, तुमच्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न कुठला. मग आपापला फीड दहा मिनिटं बघा आणि त्यात काय दिसतंय ते मागच्या बाजूला लिहा. शहरातल्या बहुतेकांचं पुढं-मागं सारखंच, खड्डे, हद्दवाढ, पंचगंगेचं प्रदूषण. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्या चिठ्ठ्या मागनं कोऱ्या, आणि पुढं काय तर "सकाळची एसटी बंद केली", "गवे पिकात येतात". गवा हा शब्द शहरातल्या एकाही चिठ्ठीत नव्हता. गवा शहरात शिरला तरच व्हायरल होतो, असं एक पोरगं म्हणालं. रोज उसात येतो त्याचं रील कोण करणार.

१२ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपून परत गाडी रुळावर. मराठी पत्रकारितेचा इतिहास उरकला, खरंच उरकला, कारण पोर्शन मागं पडलाय. ६ जानेवारी १८३२ चं दर्पण, मग ३१ जानेवारी १९२० चं मूकनायक. मूकनायकसाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिलेले हे सांगितल्यावर एकानं विचारलं म्हणजे रिचार्ज महाराजांनी केला? वर्ग हसला. मग गेट त्यांच्या हातात गेलं का? चांगला प्रश्न आहे. मी उत्तर दिलं नाही, अंतर्गत परीक्षेत घातला.

२६ सप्टेंबर

अंतर्गत गुण भरायचेत, दहापैकी. पेजवरच्या सहभागाला गुण द्यायचे असं जुलैमध्ये लिहून दिलेलं, ते आज खोडलं. गुण वहीला, साखळीला, आणि तोंडी सांगण्याला. विद्यापीठाच्या पेपरात मात्र "व्याख्या लिहा" हेच येणार, त्यामुळे शेवटचे दोन आठवडे व्याख्या घोकून घेतेय, काय करणार. सरासरी हजेरी तीस-पस्तीसच्या घरात आहे, पावसाचे दिवस सोडून. पेजवर आता ५८ जण, त्यातले रोज बघणारे किती ते मी मोजायचं सोडून दिलं.

३ ऑक्टोबर

विभागप्रमुख सर म्हणाले नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाईलला उपक्रमाचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो पाहिजे, आणि पेजवर पण टाका म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. सगळ्यांना चार्टपेपरसमोर उभं केलं. पोरं केसबीस नीट करून तयार. पहिल्या बाकावरची बाजूला सरकली.

"फोटोत मी नको मॅडम. इन्स्टावर गेला की कोणतरी दादाला दाखवतंय."

मग म्हणाली, "मी काढतो की फोटो." माझा फोन घेतला, लोकेशन चालू आहे का बघितलं, मागच्या रांगेला बाकावर चढायला लावलं, आणि दोनदा ओरडली की चार्ट झाकू नका, मामा दिसला पाहिजे. तीन काढले, तिसरा चांगला आला. फोटोत ३४ जण आहेत. फाईलला लावला.